वरच्या खाचेपर्यंत

मी जुनिपर नावाच्या डोंगरी झुडपाच्या लाकडाची एक जुनी मोजकाठी आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या खांद्याला लागेन एवढी माझी उंची. माझ्या एका अंगाला दोन खाचा आहेत आणि दुसऱ्या अंगाला एकच. पहिल्या दोन खाचा कौतुकाने मिळाल्या. तिसरी कशी मिळाली, ते सांगताना अजूनही जीव खाली-वर होतो. मित्रांनो, आपली फजिती सांगायला कोणाला आवडते? पण माझ्या फजितीचे भोग दुसऱ्यांनी भोगले आहेत, म्हणून गप्प बसायचा मला अधिकार नाही.

रोग्ने नावाच्या डोंगरातल्या गावी माझा जन्म झाला. स्यूर नावाच्या शेतकऱ्याने लग्नाच्या वर्षी घरामागच्या उतारावरून मला तोडून आणले, सोलले आणि हिवाळाभर चुलीशेजारी वाळवले. तिथे नाताळ असो, लग्न असो की कोणाची माती असो, बिअर घरचीच लागते. मोड आणून वाळवलेले जव कुटायचे, जुनिपरच्या डहाळ्या उकळलेल्या गरम पाण्यात ते भिजवायचे आणि खालून निथळणारा गोड रस तांब्याच्या हंड्यात धरायचा. मग तो रस चार तास रटरटत ठेवायचा. जवळजवळ निम्मा उडून जातो आणि जो उरतो तो तपकिरी आणि दाट. कोमट झाला की त्यात विरजण, म्हणजे बिअर फसफसवणारे यीस्ट, घालायचे. रोग्नेची रीत ही अशी.

स्यूरने पाच वेळा बिअर केली आणि पाच वेळा तोंड वाकडे केले. सहाव्या वेळी ती मनासारखी उतरली. त्या दिवशी रस उकळण्याआधी जिथवर होता तिथे त्याने माझ्यावर वरची खाच पाडली होती, आणि आटून जिथे थांबला तिथे खालची. त्यानंतर कोणी कृती विचारली की तो एवढेच सांगे, "दोन पोती जव घे. वरच्या खाचेपर्यंत भर, खालच्या खाचेपर्यंत आटव. बाकी डोकं लावू नकोस."

लोक मला उसनी नेऊ लागले. ज्या घरी गेले त्या घरी बिअर चांगलीच झाली. "स्यूरची काठी खोटं बोलत नाही," असे गावात म्हणू लागले. मी शेफारले. गावातले सगळे हंडे एकाच तांबटाने एकाच मापाचे घडवलेले होते आणि सगळ्या घरी उकळायची पद्धत एकच होती, हे मात्र माझ्या लक्षात आले नाही. मला वाटले, सगळे जगच माझ्या खाचांप्रमाणे भरते आणि आटते.

स्यूरची लेक गुनवोर हंड्याशेजारी स्टुलावर उभी राहून मला रसात बुडवी आणि ओरडून सांगे, "बाबा, दोन बोटं राहिली." तिचे हात माझ्याबरोबरच मोठे झाले. पुढे तिचे लग्न खाडीपलीकडच्या हाउगे या घरातल्या मोन्सशी ठरले, तेव्हा स्यूरने तिच्या पेटीवर मला आडवी बांधली. "माझ्याजवळ द्यायला यापेक्षा चांगलं काही नाही," असे तो म्हणाला. मी होडीतून ताठ मानेने गेले.

हाउगेला गुनवोरचे सासरे एलिंग बिअर करायचे. खाडीच्या त्या काठावर त्यांच्या बिअरचे नाव होते. मला पाहून ते पोट धरून हसले. "ही काठी इथे काय करणार, सूनबाई? आमची काठी तोंडात असते," असे म्हणून त्यांनी जीभ बाहेर काढून दाखवली. गुनवोरही हसली. मला मात्र राग आला.

तिथली रीतच वेगळी होती. तिथे रस उकळत नसत. गरम पाणी जवांतून निथळले की रस थेट लाकडी पिंपात जाई. एलिंग पळीपळीने चाखत राहत आणि गोडी उतरू लागली की नळी बंद करत. मग विरजण पडे. ती बिअर फिकट असते, दुधासारखी गढूळ, आणि जिभेवर भरलेली लागते. ती फार टिकत नाही, पण टिकायला ती उरतेच कुठे?

विरजणाची जबाबदारी घरातल्या बाईची. हाउगेचे विरजण सिन्नेव्हाबाईंच्या म्हणजे गुनवोरच्या सासूच्या ताब्यात होते. लाकडाच्या एकात एक अडकवलेल्या कड्यांची एक माळ होती. प्रत्येक खेपेला फसफसणाऱ्या पिंपात ती बुडवायची, साका तिच्यावर चिकटला की काढून वाळवायची आणि पुढच्या खेपेपर्यंत आढ्याला टांगून ठेवायची. ती माळ सिन्नेव्हाबाईंच्या सासूच्या सासूपासून चालत आली होती. त्या गावात विरजणाचा एक कडक नियम होता. ते कोणी स्वतःहून देत नाही. ज्याला हवे त्याने उंबऱ्यात उभे राहून मागायचे. मागितल्यावर मात्र नाही म्हणायचे नाही. सिन्नेव्हाबाई नवी नवरी होत्या त्या वर्षी शेजारच्या रास्मुसच्या बायकोचे विरजण बिघडले, तेव्हा तिने असेच येऊन हाउगेकडून मागून नेले होते.

दोन वर्षे मी खिळ्यावर लटकत राहिले. तिसऱ्या वर्षी हिवाळा संपता संपता एलिंग वारले. पानगळीत त्यांनी स्वतःच्या हातांनी जवांना मोड आणून दोन पोती भरून ठेवली होती. "हे शेवटचे जव त्यांच्याच मातीला लागावेत," असे सिन्नेव्हाबाई म्हणाल्या. आठ दिवसांनी माती ठरली. पण करणार कोण? मोन्सचे आयुष्य मासेमारीच्या होडीवर गेलेले. सिन्नेव्हाबाई रडून रडून आणि सर्दीने इतक्या बेजार झालेल्या, की त्यांना मिठाची चव कळत नव्हती.

"मी करते आई," गुनवोर म्हणाली. "लहानपणापासून केलंय मी."

"कर बाई. पण उकळायची नाही हं. त्यांच्या मातीला उकळलेली बिअर नको. काय म्हणतील ते?"

"नाही उकळत. तुमच्याच पद्धतीने करते."

आणि तिने मला खिळ्यावरून काढले. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मयत झालेल्या घरात आनंद होणे वाईट, हे मला कळत होते. पण दोन वर्षे ज्या जिभेने माझी चेष्टा केली ती आता गप्प झाली होती, आणि माझी वेळ आली होती. हे माझ्या मनात आले, आणि त्याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

रस निथळू लागला. गुनवोरने मला पिंपात उभे केले. रस माझ्या खालच्या खाचेला लागला तेव्हा सिन्नेव्हाबाईंनी पळी तोंडाला लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बस कर पोरी. हे आता पातळ उतरायला लागलंय असं वाटतं."

"आई, वरची खाच अजून लांब आहे."

"अगं, पण रंग बघ ना."

"दोन पोत्यांना वरच्या खाचेपर्यंत. बाबांची काठी आहे आई, आजवर कधी चुकली नाही."

सिन्नेव्हाबाईंनी नाक पुसले. "असेल बाई. तुझ्या बापाचं नाव घेतात लोक. मला मेलीला सर्दीने काही कळतंय का?"

वरची खाच उकळणाऱ्यांसाठी होती. निम्मा रस उडून जाणार हे धरून ती पाडलेली होती. इथे थेंबभरही उडणार नव्हता. शिवाय हाउगेचे पिंप स्यूरच्या हंड्यापेक्षा चांगले वीतभर रुंद होते, म्हणजे माझ्या एका बोटात इथे दीड बोटाचा रस मावत होता. खरे तर खालच्या खाचेच्याही आत थांबायला हवे होते. गुनवोर मूर्ख नव्हती. पण वरच्या खाचेपर्यंत भरायचे एवढे तिच्या हातांना पाठ होते. का भरायचे ते त्यांना कोणी कधी सांगितले नव्हते. बाकी डोके लावू नकोस, असेच ती ऐकत आली होती. आणि मी? मी पिंपात ताठ उभी होते. रस माझ्या वरच्या खाचेला भिडला तेव्हा मला धन्य धन्य वाटले.

सिन्नेव्हाबाईंनी माळ पिंपात सोडली. विरजण पडताना मोठ्याने आरोळी ठोकायची असते; आरोळी जितकी मोठी तितकी बिअर जोरकस. सुतकाच्या घरात गुनवोरला आवाज फुटेना.

"ओरड ना," सिन्नेव्हाबाई म्हणाल्या. "ते असते तर कौलं हलवली असती."

मग दोघी मिळून ओरडल्या, आणि ओरडता ओरडता रडल्या.

तिसऱ्या दिवशी पिंपाला नळ लावला की शेजारी चाखायला येतात. न बोलावता येतात, तसा रिवाजच आहे. सात-आठ माणसे बाकांवर बसली. लाकडी वाडगा हातोहाती फिरला. प्रत्येकाने घोट घेतला आणि पुढच्याकडे सरकवला. कोणी म्हणाले, "थंड आहे छान." कोणी नुसतीच मान डोलावली. शेवटी वाडगा रास्मुसकडे आला. पांढऱ्या भुवयांचा, एलिंगचा लहानपणापासूनचा मित्र. तो तोंडात घोट घोळवत बराच वेळ बसला.

"मोन्स," तो म्हणाला, "विहिरीला पाणी गोड आहे रे तुमच्या यंदा."

एक जण हसला आणि मग खोकल्याचे सोंग केले. मोन्सचे कान लाल झाले. गुनवोर सरपण आणायला म्हणून बाहेर गेली आणि ते आणायचेच विसरली.

मातीच्या दिवसापर्यंत ती बिअर आंबट झालीही. पातळ आणि न उकळलेली, ती टिकणार कशी? सुकवलेले मटण होते, पातळ भाकऱ्या होत्या, सायीची लापशी होती. सगळ्याला लोकांनी न्याय दिला. पाद्रीबाबांनी मात्र वाडग्याला ओठ लावून कॉफी मिळेल का विचारले. मग सगळ्यांनाच कॉफी हवीशी झाली. वाडगा जसाच्या तसा भरलेला परत आला आणि सिन्नेव्हाबाईंसमोर ठेवला गेला. एलिंगच्या मातीला एलिंगच्या जवांची बिअर कोणी प्यायले नाही. त्या बाईची मान त्या वेळी जी खाली गेली ती मला आजही दिसते.

पाहुणे गेल्यावर मोन्सने आढ्याची माळ ओढून काढली. "बाबांबरोबर हे विरजणही मेलं," तो म्हणाला आणि त्याने ती चुलीत टाकली.

"मीच ती नीट वाळवली नसेल," सिन्नेव्हाबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. "माझीच चूक. माझंच लक्ष नव्हतं."

माळ ओली नव्हती. पटकन पेटली. माझ्यासारखेच लाकूड ते, माझ्यापेक्षा कितीतरी जुने, आणि बिचारीने काही केलेले नव्हते. मी कोपऱ्यात उभी राहून पाहत होते. तेवढ्यात गुनवोरने माझ्याकडे पाहिले. तिची नजर आधी खालच्या खाचेवर गेली, मग वरच्या खाचेवर चढली, आणि तिथेच थांबली. तिला कळले. तिने तोंड उघडले. पण चुलीतल्या कड्यांचे निखारे होऊन गेले होते, मोन्स खिडकीकडे तोंड करून उभा होता, आणि सासूबाईंनी दोष आपल्या पदरात घेतलाही होता. तिने तोंड मिटले.

दुसऱ्या दिवशी तिने मला उचलून कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला अडसर म्हणून लावले.

तिथे मी चार वर्षे होते. ऊन, बर्फ, कोंबड्यांची घाण, सगळे अंगावर घेतले. मला त्याचे वाईट वाटले नाही, ते मला शोभतच होते. रोज सकाळी गुनवोर दार उघडायला येई आणि दुसरीकडे पाहत मला बाजूला करी. घरात बिअर व्हायची ती दुकानातल्या यीस्टची. तिला पावाचा वास यायचा. चाखायला कोणी येईनासे झाले. सगळ्यात बदलल्या त्या सिन्नेव्हाबाई. चर्चमध्ये त्या शेवटच्या बाकावर बसू लागल्या. बायका विरजणाच्या गोष्टी काढत तेव्हा त्या उठून जात. रास्मुसचे घर शंभर पावलांवर होते, पण त्याच्या बायकोला पाहून त्या वाट बदलत. ज्या बाईला आपण विरजण दिले तिच्या उंबऱ्यात, आपले आपल्याच हाताने घालवून, कोणत्या तोंडाने उभे राहायचे?

चौथ्या वर्षी पानगळीत रास्मुस उसनी नेलेली करवत परत द्यायला आला. वाऱ्याने खुराड्याचे दार निसटले आणि कोंबड्या अंगणभर झाल्या. गुनवोर त्यांच्यामागे धावू लागली. रास्मुसने दार लावायला म्हणून मला उचलले आणि अंगठ्याने माझ्यावरची घाण खरवडली. एक खाच निघाली. मग दुसरी निघाली. तो मला हातात धरून तसाच उभा राहिला.

"पोरी, इकडे ये जरा. तुझ्या माहेरी उकळतात ना?"

गुनवोर कोंबडी काखेत धरून थांबली. "हो."

"किती वेळ?"

"चार तास."

"आणि एलिंगच्या वेळी तू कुठवर भरलंस?"

कोंबडी सुटून पळाली.

"माळ चांगली होती म्हणजे," रास्मुस हळूच म्हणाला. "आणि मी शहाणा विहिरीवरून थट्टा करत बसलो. तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी, काका. माळ जळत होती तेव्हा."

"वहिनींना सांगितलंस?"

तिने नकारार्थी मान हलवली. रास्मुसने मला तिच्या हातात दिले. "मी नाही सांगणार," तो म्हणाला. "ते तुझं काम आहे."

सिन्नेव्हाबाई खिडकीशी लोकर पिंजत बसल्या होत्या. गुनवोरने मला तशीच, घाणीसकट, टेबलावर ठेवले.

"आई, विरजण चांगलं होतं. मी दुपटीहून जास्त पाणी घातलं. या काठीच्या नादाने. तुम्ही बस म्हणालात, मी ऐकलं नाही."

सिन्नेव्हाबाईंचे हात थांबले. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"पहिल्यापासून."

"चार वर्षं," सिन्नेव्हाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "दर रविवारी मी त्यांच्या कबरीपाशी जाते. जाऊन काय करते माहीत आहे? माफी मागते. तुमची शेवटची बिअर माझ्यामुळे नासली म्हणते. चार वर्षं मी माफी मागत होते गुनवोर, आणि तू मला मागू दिलीस."

गुनवोर खाली बसली आणि तिने तोंड झाकून घेतले. मी टेबलावर पडून होते. मला वाटले, आता मलाही चुलीत घालतील तर बरे.

पुढचे पाच दिवस सासू-सुनेत एक शब्द झाला नाही. सहाव्या दिवशी सिन्नेव्हाबाईंनी डोक्याला चांगला रुमाल बांधला आणि दारातून म्हणाल्या, "चल. आणि ती काठी घे."

रास्मुसच्या उंबऱ्यात त्या सरळ उभ्या राहिल्या. "विरजण मागायला आले आहे."

"या की वहिनी," रास्मुस म्हणाला. "चार वर्षं ही बया तुमच्यासाठी एक जादा माळ वाळवून ठेवतेय. मला हात लावू देत नाही."

"मग आणून द्यायची नाही होय रे?"

आतून त्याची बायको म्हणाली, "देता येत नाही सिन्नेव्हा, मागावं लागतं. तूच ना शिकवलंस मला?"

सिन्नेव्हाबाई हसल्या. मी त्यांना किती दिवसांनी हसताना पाहत होते. त्या माळेवर त्यांचेच विरजण होते. या घरातून त्या घरात गेलेले, आता परत निघालेले.

नाताळाआधी हाउगेला दोन पोती जव भिजले. या वेळी पळी रास्मुसच्या हातात होती, आणि सर्दी नसल्यामुळे सिन्नेव्हाबाईंच्याही. दोघे एकदमच म्हणाले, "बस." गुनवोरने मला पिंपात उभे केले. रस माझ्या खालच्या खाचेलाही पोचला नव्हता. रास्मुसने खिशातला चाकू काढला आणि माझ्या कोऱ्या अंगावर तिथे एक खाच पाडली.

"जुन्या दोन तासून टाका, काका," गुनवोर म्हणाली.

"का म्हणून? तुझ्या बापाच्या हंड्यात त्या बरोबरच आहेत. उद्या तुला पोरगी झाली आणि ती आजोळी जाऊन बिअर करू लागली, तर तिला लागतील. फक्त कुठली बाजू कुठल्या घरची ते सांग तिला. का ते पण सांग."

चाखायच्या दिवशी पुन्हा बाक भरले. या वेळी सिन्नेव्हाबाईंनी वाडगा आधी रास्मुसला दिला. "विहीर कशी आहे यंदा?" त्यांनी विचारले.

रास्मुसने एक घोट घेतला, मग दुसरा, मग वाडगा रिकामा करून पुढे केला. "नीट सांगता येत नाही वहिनी. आणखी थोडं पाणी काढा."

सगळे हसले. मी हसले नाही. एलिंगचे जव काही परत येणार नव्हते. चुलीतली माळही येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडले होते. सिन्नेव्हाबाईंनी एक बाटली भरून घेतली आणि टेकायला मला घेतले. गुनवोर मागून चालत होती. कबरीपाशी पोचल्यावर त्यांनी बिअर बर्फावर ओतली. तिथे एक लहानसा पिवळसर खड्डा पडला.

"एलिंग," त्या म्हणाल्या, "माझी चूक नव्हती हो."

मागे गुनवोर थबकली. आता आपले नाव येणार, असे तिला वाटले असणार. सिन्नेव्हाबाईंनी मला पुढे घेतले आणि त्या खड्ड्याशेजारी बर्फात रोवले.

"ही बघा," त्या म्हणाल्या. "हिची होती."

आणि मागे न पाहता त्यांनी हात मागे केला. गुनवोरने तो धरला.

मित्रांनो, मी आता चुलीशेजारच्या खिळ्यावर, नव्या माळेच्या खालीच असते. मला कोणी उसनी मागितली तर जरूर न्या. पण आधी विचारा, तुमच्याकडे उकळतात की नाही, पिंप किती रुंद आहे, आणि जीभ काय म्हणते. जीभ आणि मी यांत भांडण लागले, तर जिभेचे ऐका. आणि एवढे करूनही फसलात, तर बिचाऱ्या विरजणाला आणि ते सांभाळणारीला बोल लावू नका. मला पुढे करा. मला त्याची सवय आहे.